सिंगल फेजवर थ्री फेज मशीन: मोकळं फिरतं, पण कट घेताच बसतं

लक्षण नेहमीचं आहे. जुना लेथ, पिलर ड्रिल किंवा रंधा मशीन स्वस्तात मिळालं, घरात फक्त सिंगल फेज, म्हणून २ एचपीचा व्हीएफडी आणून जोडला, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज करून देणारा आणि मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. मोकळं मशीन सुरेख फिरतं, आवाजही कमी. जॉबला टूल लावून दोन मिलिमीटरचा कट घेतला की वेग पडतो, मोटर गुरगुरते आणि ड्राइव्हच्या पडद्यावर ओव्हरलोड नाहीतर ओव्हरकरंटचा कोड येतो. टॉर्क बूस्ट, म्हणजे कमी वेगावर मोटरला जादा व्होल्टेज देणारी सेटिंग, वाढवून पाहिला, तर मोटर तापायलाही लागली. मग कोणीतरी सांगतं, ड्राइव्ह छोटा पडतोय, ३ एचपीचा घ्या. तो घेतला तरी मशीन तसंच.

नवा ड्राइव्ह घेण्याआधी मोटरची नेमप्लेट वाचा. अशा तक्रारींत ड्राइव्ह बहुतेक वेळा चांगलाच असतो. मोटर ज्या व्होल्टेजसाठी भरली (वाइंड केली) आहे, ते तिला मिळत नसतं.

सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह आत डीसी करतो आणि त्यातून थ्री फेज तयार करतो, पण तो थ्री फेज २३० व्होल्टचाच असतो. आत आलं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज तो बाहेर देऊ शकत नाही. आपल्याकडच्या थ्री फेज मोटरी मात्र ४१५ व्होल्टच्या. इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथल्या मशीनवर २३०/४६० व्होल्टची मोटर असते आणि घरात २४० व्होल्ट येतात, त्यामुळे त्यांनी ड्राइव्ह लावला की काम संपतं. आपलं काम तिथून सुरू होतं.

४१५ व्होल्टची स्टार मोटर घ्या, म्हणजे जिच्या तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट मिळायला हवेत. तीच मोटर २३० च्या ड्राइव्हवर स्टारमध्येच ठेवली तर प्रत्येक वाइंडिंगला जेमतेम १३३ व्होल्ट मिळतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून उरते ती तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. दोन एचपीची मोटर अर्ध्या एचपीच्या मोटरीसारखी वागते ती यामुळे. मोकळी फिरताना ती शांत आणि गार असते, आणि नेमकं यानेच माणूस फसतो. याची खूणही सोपी आहे. पट्टा काढून क्लॅम्प मीटरने ५० हर्ट्झवर करंट मोजा. लहान थ्री फेज मोटर पूर्ण व्होल्टेजवर मोकळी असतानाही प्लेटवरच्या करंटच्या जवळपास निम्मा करंट घेते. तुमचा आकडा त्याच्या बराच खाली असेल तर मोटर उपाशी आहे.

उपाय असा की तीच वाइंडिंग डेल्टामध्ये जोडायची. डेल्टात प्रत्येक वाइंडिंग दोन फेजच्या मधे थेट बसते, म्हणजे तिला २३० व्होल्ट मिळतात आणि तिची गरज २४० ची असते. ताकद जवळजवळ पूर्ण येते. करंट मात्र १.७३ पट होतो, आणि ड्राइव्ह या नव्या करंटवर निवडायचा असतो. १ एचपीची मोटर ४१५ ला साधारण १.८ अँपिअर घेते, तर डेल्टात २३० वर ३.१, २ एचपीची ३.४ वरून ५.९, ३ एचपीची ४.७ वरून ८.१. तुमच्या प्लेटवर जो आकडा असेल त्याला १.७३ ने गुणा. एचपी पाहून ड्राइव्ह घेऊ नका, आउटपुट अँपिअर पाहून घ्या.

आता टर्मिनल बॉक्स उघडा.

सहा टोकं आणि प्लेटवर २३०/४०० किंवा २४०/४१५ व्होल्ट, डेल्टा/स्टार असं लिहिलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२ आणि खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ असतात. वरची तिन्ही टोकं एका आडव्या पट्टीने जोडलेली असतात, तो स्टार. ती पट्टी काढून तीन उभ्या पट्ट्या लावल्या की डेल्टा झाला. जुन्या देशी मोटरींवर हीच टोकं ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा नावांनी असतात.

सहा टोकं आहेत पण प्लेटवर फक्त ४१५ व्होल्ट डेल्टा लिहिलंय, तर थांबा. ही साधारण ५ एचपी आणि त्यावरची मोटर असते. सहा टोकं स्टार-डेल्टा स्टार्टरसाठी बाहेर काढलेली असतात, आणि प्रत्येक वाइंडिंग मुळातच ४१५ ची असते. तिला २३० च्या ड्राइव्हवर चालवायची सोय पट्ट्या बदलून होत नाही. सहा टोकं पाहून खूश होणारे इथे हमखास अडकतात. दुसरा सापळा दोन वेगांच्या मोटरचा. प्लेटवर १४२०/२८४० असे दोन आरपीएम असतील तर ती सहा टोकं वेगळ्याच कामाची आहेत, त्यांना वरची रीत लावू नका.

तीनच टोकं बाहेर आणि प्लेटवर ४१५ व्होल्ट स्टार, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची स्थिती. ३ एचपीपर्यंतच्या बहुतेक देशी मोटरी अशाच येतात. स्टारचा जोड आत, वाइंडिंगच्या डोक्यावर बांधलेला असतो. तो शोधून बाहेर काढावा लागतो. रिवाइंडरकडे, म्हणजे मोटरी भरून देणाऱ्याकडे, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घेणं उत्तम. पण त्याला काय सांगायचं आणि त्याने काय केलं हे तपासायचं, ते तुम्हाला माहीत हवं.

पंख्याचं झाकण, पंखा आणि दोन्ही बाजूंची कव्हरं काढून रोटर अलगद बाहेर घ्यायचा. कव्हर आणि बॉडीवर आधीच सेंटर पंचने जुळणीच्या खुणा करून ठेवायच्या. आता वाइंडिंगच्या ज्या बाजूने बाहेरच्या वायरी निघतात, त्या बाजूला दोऱ्याने बांधलेल्या गाठींकडे नीट पाहा. तीन बाहेरच्या वायरी जिथे वाइंडिंगच्या तारांना जोडल्या आहेत तिथे तीन वेगवेगळ्या स्लीव्ह दिसतील. चौथी स्लीव्ह एकटी, थोडी जाड, जिच्यातून कोणतीच वायर बाहेर जात नाही, ती स्टारची. दोरा कापा. वार्निशने सगळं कडक झालेलं असतं, म्हणून हीट गनने हलकं गरम करा. स्लीव्ह मऊ झाली की ती तारेवरून मागे सरकवता येते. गरम न करता ओढलं तर तारेवरचं इनॅमल सोलतं, आणि तो दोष सहा महिन्यांनी दिसतो. आत तीन तारा एकत्र पिळून झाळलेल्या असतील. वायर दोन-दोन समांतर घेऊन भरली असेल तर सहा तारा दिसतील, तेव्हा सगळ्या सुट्या केल्यावर कोणत्या दोन एका फेजच्या आहेत हे मीटरवर तपासा आणि त्या जोडीने एकत्र ठेवा.

तिन्ही टोकं सुटी केली की मल्टीमीटरने जोड्या लावा. बाहेरच्या पहिल्या वायरीला नाव यू१ द्या, तिच्याशी ज्याची कंटिन्युइटी मिळते ते टोक यू२. तसंच व्ही आणि डब्ल्यू. स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगचे शेवट एकत्र असतात, म्हणून सुरुवात कोणती आणि शेवट कोणता हे आपोआप ठरतं. दिशा शोधायची वेगळी खटपट नाही. तिन्ही नव्या टोकांना उष्णता सोसणारी लवचीक वायर झाळा, वर फायबर ग्लासची स्लीव्ह घाला, पुन्हा दोऱ्याने घट्ट बांधा, हवेवर सुकणारं वार्निश लावा आणि ती टोकं टर्मिनल बॉक्समध्ये आणा. तिथे यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. नुसत्या गाठी मारून टेप गुंडाळू नका, सहा खिळ्यांची टर्मिनल पट्टीच बसवा.

बंद करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन तपासा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर लावू नका. पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेली मोटर, विशेषतः कोकणपट्टीत, हमखास कमी दाखवते. आत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब रात्रभर पेटता ठेवा आणि पुन्हा मोजा. मेगर लावताना ड्राइव्हच्या वायरी सोडवलेल्या असल्याच पाहिजेत, नाहीतर ड्राइव्हचं आउटपुट मेगरच उडवेल.

जोडणी चुकली, म्हणजे एखाद्या वाइंडिंगची टोकं उलटी लागली, तर मोटर जागच्या जागी घुंघावते, थरथरते आणि मोकळी असतानाही एका फेजचा करंट बाकी दोघांपेक्षा खूप वेगळा येतो. दोन-तीन सेकंदांत बंद करा आणि जोड्या पुन्हा तपासा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. २३० च्या ड्राइव्हमध्ये डीसी साधारण ३२५ व्होल्ट असतो, ४१५ च्या ड्राइव्हमध्ये ५८७. ड्राइव्हचं आउटपुट हे डीसीचे कापलेले तुकडे असतात आणि मोटरच्या टोकाशी त्याच्या दुपटीपर्यंत झटके बसू शकतात. चाळीस वर्षांपूर्वी भरलेल्या मोटरच्या इन्सुलेशनला २३० चा ड्राइव्ह बराच सोसतो.

मोटर डेल्टात आली, तरी ताकद अपुरी वाटते? तर सेटिंगमध्ये बेस फ्रिक्वेन्सी पाहा, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज देतो ती. बाहेरून येणारे बरेच ड्राइव्ह कारखान्यातून ६० हर्ट्झवर येतात. बेस ६० असेल तर ५० हर्ट्झवर मोटरला २३० ऐवजी १९२ व्होल्टच मिळतात. बेस फ्रिक्वेन्सी ५०, मोटर व्होल्टेज २३०, मोटर करंट हा १.७३ ने गुणलेला आकडा, आरपीएम प्लेटवरचे. ॲक्सिलरेशन ५ ते ८ सेकंद, डिसेलरेशन ८ ते १० सेकंद. टॉर्क बूस्ट ३ ते ५ टक्के पुरतो. १० टक्क्यांच्या पुढे नेलात तर कमी वेगावर मोटर नुसती तापते आणि सुरू होतानाच ओव्हरकरंट येतो. ऑटो ट्यूनिंगची (ड्राइव्हने स्वतःच मोटर मोजून घेण्याची) सोय असेल तर पट्टा काढून ते एकदा करून घ्या. मग पुढचा सेटिंगचा खेळ फारसा उरत नाही.

ट्रिप कोणत्या क्षणी होते, म्हणजे ड्राइव्ह कोड दाखवून केव्हा बंद पडतो, त्यावरून दोष कळतो. कोडची अक्षरं कंपनीगणिक बदलतात, क्षण बदलत नाही.

सुरू होताच ओव्हरकरंट: ॲक्सिलरेशन वेळ कमी, बूस्ट जास्त, किंवा लेथचा हेडस्टॉक कोरडा आणि घट्ट. चक हाताने फिरवून पाहा. मोटरच्या वायरी ड्राइव्हमधून सोडवूनही कोड येत असेल तर ड्राइव्ह गेला.

थांबवताना ओव्हरव्होल्टेज: जड चकची गती मोटरला जनरेटर बनवते आणि वीज ड्राइव्हमध्ये उलटी जाते. डीसी ४०० च्या आसपास गेला की ड्राइव्ह हात वर करतो. डिसेलरेशन वाढवा. झटकन थांबवणं गरजेचं असेल तर ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ओहम आणि वॉटचा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. मात्र ज्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, त्यावर जोरात ब्रेक किंवा झटक्यात रिव्हर्स अजिबात नको. चक आटे सोडून बाहेर येतो आणि तो पायावर पडला तर नशीबच समजायचं.

संध्याकाळीच अंडरव्होल्टेज: सगळ्या आळीचे दिवे, पंप आणि मिक्सर चालू असताना घरात १९० व्होल्ट येत असतील, तर ड्राइव्हही मोटरला १९० च्या वर देऊ शकत नाही. म्हणजे ट्रिप येण्याआधी ताकद जाते. सॉकेटवर मशीन बंद असताना आणि पूर्ण कट चालू असताना, असं दोनदा व्होल्टेज मोजा. बंद असताना २२५ आणि कट घेताना २०० दिसलं तर दोष तुमच्या वायरीत किंवा एखाद्या ढिल्या जोडात आहे. दोन्ही वेळा कमीच असेल तर तो बाहेरचा, आणि तक्रार महावितरणकडे.

वायरीबद्दल जरा सविस्तर, कारण घरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सिंगल फेजवरून थ्री फेज करणारा ड्राइव्ह इनपुटला मोटरच्या मानाने बराच जास्त करंट ओढतो. पूर्ण लोडवर २ एचपीचा ड्राइव्ह १५-१६ अँपिअर, ३ एचपीचा २४ अँपिअरपर्यंत. तो करंटही सलग लाटेचा नसतो, मधेच टोकदार उसळ्यांनी येतो, म्हणून जोड जास्त तापतात. गिझरसाठीचा १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यामागची बारीक वायर यावर ३ एचपीचा लेथ चालवायचा नाही. मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढा: २ एचपीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी, ३ एचपीला ६ चौरस मिमी आणि ३२ अँपिअर. एमसीबी सी कर्व्हचा घ्या. बी कर्व्हचा एमसीबी ड्राइव्हचे कंडेन्सर भरतानाच्या झटक्याने स्विच टाकताच पडतो. इनपुटला एसी चोक लावला तर करंटच्या उसळ्या कमी होतात आणि घरातले एलईडी दिवे लुकलुकणंही बहुधा थांबतं.

आरसीसीबी, म्हणजे अर्थला गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो, ही तक्रार हमखास येते. ड्राइव्हमधला फिल्टर थोडा करंट अर्थला सोडतोच, त्यात मोटरची लांब केबल भर घालते, आणि अख्ख्या घराला एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो पडणारच. वर्कशॉपच्या लाइनला वेगळा आरसीसीबी द्या. साधा एसी टाइपचा ड्राइव्हसाठी योग्य नाही. किमान ए टाइप, आणि मॅन्युअल एफ किंवा बी सांगत असेल तर तो. मोटरची केबल पाच मीटरच्या आत ठेवा, चार कोअरची, शक्य तर शिल्डवाली. कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्ह डीसीचे तुकडे ज्या वेगाने कापतो ती, कमी केल्यानेही गळती घटते, ४ किलोहर्ट्झवर मोटर जरा किणकिणते एवढंच. आरसीसीबी पडू नये म्हणून अर्थची वायर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. अर्थ नसलेल्या ड्राइव्हवर लेथच्या बॉडीला टेस्टर लावला की दिवा पेटतो, आणि ओल्या चपलांत उभा असलेला माणूस त्याच बॉडीला हात लावतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची सवय ठेवा.

आता मशीनच्या स्वतःच्या वायरिंगकडे वळू. जुन्या लेथवर कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच), ओव्हरलोड रिले, फॉरवर्ड-रिव्हर्सचा फिरता स्विच आणि कधी सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला की मोटर थांबवणारा रिले, असतो. ड्राइव्हचं आउटपुट या सगळ्यातून फिरवत नेलं तर रोज नवा घोळ. मोटर चालू असताना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच फिरवला की आउटपुट एकदम तुटतं आणि पुन्हा उलटं जोडलं जातं. ड्राइव्ह ओव्हरकरंटवर पडतो आणि असं वारंवार झालं की आतले ट्रान्झिस्टर जातात. प्रिव्हेंटर ड्राइव्हच्या कापलेल्या लाटा पाहून फेज बिघडला असं समजतो आणि मशीन सुरूच होऊ देत नाही. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत केबल सरळ न्या, मधे काहीही नको. मशीनचा मूळ स्विच फेकू नका, त्याचे मोकळे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. हाताला सवयीचा लिव्हर राहतो आणि काम ड्राइव्ह करतो.

कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४१५ वरून ११० करणारा असेल तर त्याला ४१५ आता मिळणार नाहीत. कॉन्टॅक्टर ठेवायचाच असेल तर त्याची कॉइल २३० ची बदला आणि तो ड्राइव्हच्या इनपुट बाजूला बसवा. कूलंट पंप मुख्य मोटरच्या ड्राइव्हवर जोडू नका, कारण वेग कमी केला की पंपही मंदावतो. त्याला सिंगल फेजचा छोटा पंप बदलून टाका. मोटरला विजेवर सुटणारा ब्रेक असेल तर त्याच्या कॉइलला वेगळा पुरवठा द्यावा लागतो, नाहीतर मोटर ब्रेकशी झगडत बसते आणि तुम्ही ओव्हरलोडचं कारण शोधत राहता.

वेग कमी करण्याचा मोह आवरा. २५ हर्ट्झवर टॉर्क तोच राहतो, पण ताकद निम्मी होते, आणि शाफ्टवरचा पंखा मंद फिरतो म्हणून मोटर तापते. मोठ्या व्यासाचा जॉब सावकाश फिरवायचा असेल तर बॅक गिअर आणि पुलीच्या पायऱ्याच वापरा. ड्राइव्ह आला म्हणून पुलीच्या पायऱ्या काढून टाकणाऱ्यांना ५ हर्ट्झवर टूल रुतलेला जॉब पाहावा लागतो. २० ते ६० हर्ट्झ हा रोजच्या वापराचा पट्टा धरा. त्याखाली बराच वेळ काम असेल तर मोटरमागे वेगळ्या पुरवठ्यावरचा छोटा पंखा बसवा.

५ एचपीची ४१५ डेल्टा मोटर असेल, किंवा मोटर उघडायचीच नसेल, तर काय? बाजारात २२० इन, ३८० आउट असे ड्राइव्ह मिळतात. ते आत व्होल्टेज दुप्पट करतात. २-३ एचपीपर्यंत ते काम करतात, पण आतल्या कंडेन्सरवर ताण जास्त आणि लेबलवरची क्षमता जेमतेम, म्हणून एक पायरी मोठा घ्या. दुसरी वाट २३० ते ४१५ चा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे ४१५ चा साधा ड्राइव्ह. त्यात तीनऐवजी दोनच टोकांवर इनपुट येतं, म्हणून इनपुट फेज लॉसचा कोड पॅरामीटरमधून बंद करावा लागतो आणि ड्राइव्ह मोटरच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. ५ एचपीचं मशीन पूर्ण लोडवर चालवायचं तर घरच्या सिंगल फेजवर ४० अँपिअरच्या आसपास करंट जाईल. वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. हे तिथे बसत नाही.

भंगारातून आलेला ४१५ चा ड्राइव्ह २३० वर लावला तर तो बहुधा अंडरव्होल्टेज दाखवून गप्प बसतो. त्यात बिघाड शोधू नका.

कंडेन्सर लावून चालवायची पद्धत शेतातल्या पंपांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तीही मोटर डेल्टात असली तरच २३० वर नीट चालते. प्रमाण किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे १ एचपीला साधारण ५०. कंडेन्सर रनिंगचा, ४४० व्होल्ट एसीचा हवा. स्टार्टिंगचा काळा कंडेन्सर कायम जोडला तर तो फुगून फुटतो. तो सुरू होताना दोन सेकंदांपुरताच पुश बटणाने लावायचा. ताकद ६०-७० टक्क्यांच्या वर मिळत नाही, आणि लोड कमी-जास्त झाला की एका वाइंडिंगवर व्होल्टेज चढतं. ग्राइंडर किंवा लहान ड्रिलला चालेल. लेथ, मिलिंग किंवा कॉम्प्रेसर यांना नको.

तीन-चार मशीन असतील आणि प्रत्येकाला वेगळा ड्राइव्ह परवडत नसेल तर रोटरी कन्व्हर्टरचा विचार करा. मोठ्यात मोठ्या मशीनच्या दीडपट एचपीची एक थ्री फेज मोटर मोकळी फिरत ठेवायची, ती तिसरा फेज तयार करते. आपल्याकडे त्याआधी २३० ते ४१५ चा ट्रान्सफॉर्मर लागतोच, नाहीतर तिन्ही फेज २३० चेच येतील आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात. लोडवर तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजून रनिंग कंडेन्सर कमी-जास्त करा. फरक ५ टक्क्यांच्या आत आणा. व्होल्टेजमधला थोडा फरकही करंटमध्ये कितीतरी पट मोठा होतो. मशीनच्या कॉन्टॅक्टरची कॉइल कधीही तयार केलेल्या तिसऱ्या फेजवर जोडू नका, तिथलं व्होल्टेज स्थिर नसतं आणि कॉन्टॅक्टर खडखडत राहतो.

लोडशेडिंगच्या भागात एक सेटिंग आवर्जून तपासा. मशीनचा साधा ऑन-ऑफ टॉगल ड्राइव्हला जोडला आणि चालू असताना वीज गेली, तर टॉगल ऑनवरच राहतो. वीज आली की काही ड्राइव्ह लगेच मोटर सुरू करतात, आणि तेव्हा कोणीतरी चकमध्ये किल्ली घालून उभं असू शकतं. पॉवर आल्यावर आपोआप सुरू होणं बंद करा, किंवा स्टार्ट आणि स्टॉपची वेगळी पुश बटणं तीन वायरच्या पद्धतीने जोडा. लाल मशरूम बटण हाताच्या टप्प्यात हवं. ट्रिपनंतर स्वतःहून रीसेट होण्याची सोय असेल तर तीही शून्यावर ठेवा. ड्राइव्ह उघडायचा असेल तर इनपुट काढून आतला दिवा विझेपर्यंत, किमान दहा मिनिटं थांबा आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावूनच हात घाला.

ड्राइव्ह लाकडाच्या भुशापासून आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब भिंतीवर लावा. हीट सिंकमध्ये भुसा साठला की ओव्हरहीटचा कोड येतो, तोही दुपारीच. पेटी बंद केली तर केबलची भोकं ग्लँडने बुजवा. ऊब शोधत आलेली पाल आत शिरून टर्मिनलवर आडवी झाली की ड्राइव्ह आणि पाल दोघंही जातात.

घरगुती मीटरवर स्वतःच्या छंदाचं काम ठीक. बाहेरचे जॉब पैसे घेऊन करत असाल तर वीजजोड त्या वापरासाठीचा घ्या. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर धरला जातो आणि बिल जबर येतं. मशीनं वाढली, ५ एचपीच्या पुढे गेली, तर थ्री फेज जोडणीचा अर्ज करणं ड्राइव्ह, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सरांच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतं.

आणि ती जोडणी आली की पहिलं काम मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर: डेल्टा केलेली मोटर ४१५ वर लावण्याआधी पट्ट्या परत स्टारला आणायच्या. तशीच लावली तर २४० च्या वाइंडिंगवर ४१५ बसतात आणि थोड्याच वेळात धूर निघतो. यासाठी डेल्टा केल्याच्या दिवशीच बॉक्सच्या झाकणावर ऑइल पेंटने लिहून ठेवा: डेल्टा, २३० व्होल्ट, ड्राइव्हवरच.